कारणाचा रकाना

बेळगावात मराठी पेपर घरात आला की चाळिशीपुढची माणसं आधी निधन वार्तांचं पान उघडतात. मजकूर ठरलेला असतो. अमुक गल्ली, शहापूर येथील रहिवासी, वय ६८, यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, विवाहित मुलगी, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन बुधवारी सकाळी साडेआठ वाजता. गल्ली नेमकी, वय नेमकं, मागे राहिलेली माणसं एकेक मोजलेली, रक्षाविसर्जनाची वेळ पक्की. सैल असतं ते फक्त कारण. 'दीर्घ आजाराने' असेल तर बहुधा कॅन्सर, हे वाचणाऱ्याने ओळखायचं. कधी 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने'. सत्तरी ओलांडलेली असेल तर 'वृद्धापकाळाने', आणि मग पुढे कुणी काही विचारत नाही.

मला हा सैलपणा आताशा सहन होत नाही.

मी खानापूर तालुक्यातला. शाळा मराठीत झाली, पण कन्नड वाचता-लिहिता येतं, त्यामुळे गावात कुणी गेलं की दोन-चार दिवसांनी घरचं कुणीतरी कागद घेऊन येतं. 'एवढं भरून द्या की.' मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली ही मुदत खेड्यापाड्यांत सगळ्यांना तोंडपाठ आहे, कारण महिना उलटला की परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दाखला हवा असतो तो उताऱ्यावर वारसांची नावं चढवायला, विम्याला, सोसायटीच्या कर्जाला, मागे राहिलेल्या बाईच्या पेन्शनला. सगळी कामं खरी आणि निकडीची. पण माणूस नेमकं कशाने गेलं ते कळावं, म्हणून आजवर माझ्याकडे कुणी आलेलं नाही.

तो कागद म्हणजे फॉर्म नंबर २, मृत्यूचा अहवाल. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, पत्ता, इथपर्यंत लोक भराभर सांगतात. मग खालचे रकाने येतात. मरणाआधी उपचार कुठे मिळाले: दवाखान्यात, दवाखान्याबाहेर, की मिळालेच नाहीत? कारण डॉक्टरने प्रमाणित केलंय का? रोगाचं नाव किंवा मृत्यूचं खरं कारण काय? बाई असेल तर मृत्यू गरोदरपणात, बाळंत होताना किंवा त्यानंतरच्या सहा आठवड्यांत झाला का? आणि शेवटी चार प्रश्न. बिडी-सिगारेट ओढायची सवय होती का, किती वर्षं? तंबाखू खायची, किती वर्षं? सुपारी, पानमसाला, किती वर्षं? दारू, किती वर्षं? इथे घर गप्प होतं. 'कशाला ते? नाही म्हणून लिहा.'

त्यांची भीती मला समजते. दाखल्यावर काहीतरी येईल, विमा अडकेल, चारचौघांत नाव जाईल. वास्तविक दाखल्यावर कारण छापलंच जात नाही. मृत्यूच्या नोंदीचा जो उतारा कुणाला दिला जातो त्यात कारण उघड करायचं नाही, असं कायद्याच्या १७ व्या कलमात स्पष्ट म्हटलेलं आहे. ते नोंदवहीत राहतं आणि तिथून देशाच्या आकड्यांत जातं. घराची अब्रू राखणारी ही तरतूद मला योग्य वाटते. फक्त तिच्यामुळे असं होतं, की ज्या घराला त्या माहितीची सगळ्यात जास्त गरज आहे त्या घराला ती लेखी कधी दिसत नाही. २०२३ च्या दुरुस्तीने इथे एक चांगलं पाऊल टाकलं. दवाखाना सरकारी असो की खासगी, तिथे मृत्यू झाला तर कारणाचं प्रमाणपत्र पैसे न घेता द्यायचं आणि त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकाच्या हातात द्यायची. ही प्रत मागून घ्या, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

त्या प्रमाणपत्राची मांडणी समजून घेण्यासारखी आहे. पहिल्या भागात एकाखाली एक ओळी असतात. सगळ्यात वर शेवटचं, थेट कारण. त्याखाली, ते कशामुळे आलं. त्याच्याही खाली, तेही कशामुळे. प्रत्येक ओळीसमोर किती दिवस, किती वर्षं ते लिहायचं. आमच्या गल्लीतल्या एका मामांच्या पायात शेतात काटा मोडला. जखम चिघळली, बोटं काळी पडली, बेळगावला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. घरातले आजही सांगतात, 'काट्याचं निमित्त झालं.' त्या ओळींत लिहायचं तर असं होईल: रक्तातला जंतुसंसर्ग, तीन दिवस, पायाचं गँगरीन, तीन आठवडे, मधुमेह, बारा वर्षं. आकडेवारीत धरली जाते ती तळाची ओळ. फॉर्मवरच सूचना असते की हृदय बंद पडणं, अशक्तपणा यांसारखी मरणाची रीत लिहू नका, ज्या रोगाने किंवा इजेने मरण आलं तो लिहा. आणि तळाची ओळ वाचली की कळतं, मामांच्या दोन्ही मुलांनी साखर तपासून घ्यायला हवी. काट्याचं निमित्त मानलं तर मुलांनी फार तर पायात बूट घालायचे.

देशभर ही तळाची ओळ किती जणांना मिळते? २०२० साली भारतात ८१ लाखांवर मृत्यू नोंदले गेले. त्यांतल्या जेमतेम साडेबावीस टक्क्यांचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं. बाकीचे म्हणजे 'झटका', 'ताप', 'वय झालं होतं'. जे प्रमाणित झाले त्यांत तिसरा हिस्सा, सुमारे ३२ टक्के, हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचा. १९९० मध्ये देशातल्या दर १०० मृत्यूंपैकी ३८ असंसर्गजन्य आजारांचे होते, २०१६ पर्यंत ते ६२ च्या घरात गेले, असं राज्यवार अभ्यासातून दिसलं. रक्तदाब, साखर, हृदय, फुप्फुसं, कॅन्सर. हे आजार वर्षानुवर्षं अंगात मुरतात. त्यामुळे शेवटच्या दिवसाचं कारण आणि खरं कारण यांतलं अंतरही वाढत गेलं.

माझ्या आजीच्या काळात मरण पाळण्याजवळ असायचं. तिला आठ मुलं झाली, चार राहिली. गेलेल्यांचं ती सांगायची: एक देवीने गेलं, एक हगवणीने, एकाचं काय झालं ते तिलाही कधी कळलं नाही, आणि एक 'सटवाईनं नेलं'. सातव्या दिवशी बाळाचं दूध पिणं थांबलं, जबडा मिटला, अंग लाकडागत ताठ झालं. विळ्याने कापलेल्या नाळेतून झालेला तो धनुर्वात असणार. पण तिच्या लेखी सटवाईने कपाळावर लिहिलं होतं आणि विषय मिटला होता. गरोदर बायकांना धनुर्वाताची इंजेक्शनं आणि नाळ कापायला स्वच्छ पातं, एवढ्यावर हा आजार हटत गेला. २०१५ मध्ये माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं देशातून उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. २०२२ मध्ये २६. आजीचं दुःख या आकड्यांनी हलकं होत नाही, पण तिच्या नातसुनांच्या वाट्याला ते आलं नाही याचं मोल मला फार वाटतं.

देवीचं तर बेळगावशी जवळचं नातं आहे. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत झाडांखालून सकाळी फिरणारे किती तरी जण मला माहीत आहेत. देवीचं निर्मूलन चाललं होतं त्या काळात देशात लस बनवणाऱ्या ज्या मोजक्या संस्था होत्या त्यांतली एक इथली. नुसत्या लशीने काम झालं नाही. शेवटच्या टप्प्यात घरोघर जाऊन एकेक रुग्ण शोधला, त्याची नोंद केली आणि त्याच्या आसपासच्या सगळ्यांना टोचलं. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला.

मला सगळ्यात अभिमान वाटतो तो मात्र आणखी अलीकडच्या एका कामाचा. ते याच जिल्ह्यातल्या खेड्यांत झालं आणि इथल्याच लोकांना फारसं ठाऊक नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे बाळंतिणीच्या मरणाचं मोठं कारण. तो थांबवणारं नेहमीचं औषध इंजेक्शनातून द्यावं लागतं आणि थंड ठेवावं लागतं. वीज जाणाऱ्या उपकेंद्रात, नाहीतर कुणाच्या घरी बाळंतपण करणाऱ्या नर्सबाईला ते जमायचं कसं? २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी परदेशी संशोधकांना सोबत घेऊन १६२० बाळंतिणींवर अभ्यास केला. अर्ध्या जणींना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, अर्ध्या जणींना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. देणाऱ्या या नर्सबाईच. ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाणाऱ्या बायकांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ मध्ये या कामासाठी ती गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेली.

पण त्या अभ्यासातली दुसरी एक वस्तू मला जास्त महत्त्वाची वाटते. रक्त किती गेलं हे मोजायचं कसं? तोवर ते डोळ्यांनी ठरवायचे. लुगडी किती भिजली, जमिनीवर किती सांडलं. 'अंगावरून जरा जास्त गेलं' असं म्हणत म्हणत बाई हातची जायची. म्हणून प्लास्टिकचं एक साधं कापड तयार केलं. बाळ झालं की ते बाईच्या कमरेखाली सरकवायचं, वरचे बंद पोटाभोवती बांधायचे. खाली निमुळती होत जाणारी पिशवी, तिच्यावर मापाच्या रेघा. रक्त पिशवीत उतरतं आणि नर्सबाईला रेघ दिसते. अंदाज आणि पिशवी यांची तुलना केली तेव्हा डोळ्यांचा अंदाज एक तृतीयांशाने कमी भरला. अनुभवी डोळे होते ते, तरीही. पुढे २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या दवाखान्यांत अशीच रेघांची पिशवी वापरून, रेघ ओलांडली की ठरलेले सगळे उपचार एकदम सुरू करायचे असं केलं, तर गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम साठ टक्क्यांनी घटले. भारतात २००१-०३ मध्ये दर लाख जन्मांमागे ३०१ माता दगावत होत्या, २०१८-२० मध्ये ९७, कर्नाटकात ६९. याला रस्ते, १०८ ची गाडी, आशाताई, दवाखान्यातली बाळंतपणं अशी कितीतरी कारणं आहेत. त्यांच्या जोडीला ती रेघांची पिशवीही आहे.

जे मोजायला कुणी गेलंच नाही त्याचं काय होतं ते सापांच्या बाबतीत दिसतं. आमच्या जंगलपट्टीत भातकापणीला, गवत काढायला गेलेल्याला पान लागणं, म्हणजे साप चावणं, ही दर पावसाळ्यातली गोष्ट. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. पुष्कळ वर्षं सरकारी कागदावर सर्पदंशाचे मृत्यू फार थोडे होते, कारण कागद दवाखान्यात भरला जातो आणि पान लागलेला माणूस आधी देवळात किंवा मांत्रिकाकडे जातो. मग देशभरातल्या निवडक गावांतल्या लाखो घरांत माणसं पाठवली गेली. ज्या घरात मृत्यू झाला तिथे बसून विचारायचं: काय झालं, कधी झालं, आधी काय दिसलं, कुठे नेलं. घरच्यांनी सांगितलेलं त्यांच्या भाषेत लिहून घ्यायचं आणि दोन डॉक्टरांनी ते वेगवेगळं वाचून कारण ठरवायचं. त्यातून निघालं की २००५ या एका वर्षात सापाने सुमारे ४६ हजार माणसं गेली. त्यातली दवाखान्यात गेली ती चौथा हिस्साही नव्हती. २००० ते २०१९ चा हिशेब केला तेव्हा आकडा १२ लाखांवर पोचला. २०२४ मध्ये कर्नाटकाने सर्पदंशाची नोंद बंधनकारक केली. मला ही बातमी वाचून खरंच बरं वाटलं. कुठल्या तालुक्यात किती हे कळलं, तरच कुठल्या आरोग्य केंद्रात विषावरच्या लशीच्या किती कुप्या ठेवायच्या हे ठरवता येईल.

घरोघर जाऊन विचारण्याच्या याच पद्धतीने आणखी एक झाकलेलं दुःख दाखवलं. २०१० साली पोलिसांच्या नोंदीत सुमारे १ लाख ३५ हजार आत्महत्या होत्या. घरच्यांनी सांगितल्यावर त्या १ लाख ८७ हजार भरल्या. 'पोटदुखीला कंटाळून' एवढ्यावर ज्या बातम्या संपतात त्यांच्यामागचं मन कुणी लिहून घेतलेलं नसतं.

सीमाभागात तर मरण सरहद्दही ओलांडतं. निपाणी-चिकोडीकडचा पेशंट कोल्हापूरला सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा मिरजेला जातो, खानापूरचा चोर्ला घाट उतरून गोव्यात बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात. कायद्याने नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे. म्हणजे जांबोटीचा माणूस बांबोळीत गेला तर तो गोव्याच्या वहीत, आणि त्याचा मुलगा दाखल्यासाठी पुन्हा घाटाच्या फेऱ्या मारतो. आमच्या तालुक्यातले सगळ्यात गंभीर आजारी लोक असे दुसऱ्या राज्यांच्या वह्यांत विखुरलेले आहेत. कुठल्या गावात कुठला आजार वाढतोय हे पाहायचं तर मूळ पत्त्यावरून या नोंदी परत इकडे यायला हव्यात. १९५६ पासून इथे भाषेसाठी, हद्दीसाठी आम्ही भांडत आलो. या नोंदींसाठीही कुणीतरी तितक्याच जिद्दीने मागणी करावी असं मला मनापासून वाटतं.

कोविडवर मी थोडंच लिहितो, कारण त्या उन्हाळ्याचं लिहिताना अजून हात जड होतो. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये घरं त्या आजाराचं नाव तोंडातून काढत नव्हती. मयतीला माणूस मिळणार नाही, सोयरीक मोडेल, अशा भीतीने 'न्यूमोनिया', 'दमा' सांगायची. पुढे सर्वोच्च न्यायालयातल्या खटल्यामुळे ५० हजारांचं सानुग्रह अनुदान ठरलं, आणि तीच घरं पुराव्याचे कागद शोधत हिंडली. देशात २०२० मध्ये ८१ लाख मृत्यू नोंदले गेले होते, २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. नोंदणी सुधारते तशी दरवर्षी थोडी वाढ होतेच, पण एका वर्षात वीस लाखांची नाही. त्या दोन वर्षांत सरकारी हिशेबात कोविडचे मृत्यू ४ लाख ८१ हजार. जागतिक आरोग्य संघटनेचा जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लाख, जो सरकारने नाकारला. या दोन आकड्यांच्या मधे जी माणसं आहेत त्यांतली काही माझ्या ओळखीची होती.

आणि निपाणी. तिथल्या बिडी तंबाखूवर या भागातली हजारो घरं उभी राहिली. वखारींत तंबाखू चाळणाऱ्या, घरी बसून बिड्या वळणाऱ्या बायकांनी मुलं शिकवली. १९८१ मध्ये तंबाखूला भाव मागताना शेतकरी गोळीबारात पडले. त्यामुळे तंबाखूच्या विरोधात बोलताना माझी जीभ चट्कन उचलत नाही. पण बिडी पानात गुंडाळलेली, तिने फारसं काही होत नाही, हे जे आपल्याकडे सर्रास बोललं जातं ते खोटं आहे आणि ते कसं कळलं हे सांगायला हवं. २००१ ते २००३ मध्ये मरण पावलेल्या ७४ हजार माणसांच्या घरी जाऊन विचारलं: ओढत होते का? ७८ हजार जिवंत माणसांनाही तेच विचारलं. २००८ मध्ये उत्तर आलं. बिडी ओढणारा पुरुष सरासरी सहा वर्षं आधी जातो, बिडी ओढणारी बाई आठ वर्षं, सिगारेट ओढणारा पुरुष दहा. फॉर्म नंबर २ च्या तळाशी असलेला तो प्रश्न हाच. त्याला सगळ्यांनी 'नाही' लिहिलं तर कागदावर निपाणीतल्या आणि दुसऱ्या कुठल्याही गावातल्या मरणांत काही फरकच उरत नाही.

मागच्या पावसाळ्यात नात्यातले एक काका गेले, निपाणीकडचे. आयुष्यभर वखारीत काम केलेलं. मुलगा फॉर्म घेऊन आला, सोबत आत्या, म्हणजे काकांची बायको. 'वयोमानानं गेले' असं तो म्हणत होता. पिशवीतल्या डिस्चार्ज कार्डावर सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार, लिहिलेलं होतं. सवयींच्या रकान्याला तो म्हणाला, 'नाही लिही.' आत्या मधेच बोलली.

'नाही कसं? लिही. लग्नात बी बंडल खिशात हुतं त्यांच्या. मीच आणून देत हुतो रोज.'

हिशेब केला. ओढणं, ४४ वर्षं. रोगाच्या नावासमोर कार्डावरचं लिहिलं. मुलगा थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, 'आईचं पण विचार की, मिश्री लावतीया ती.' आत्या पदराने तोंड पुसत म्हणाली की गालाच्या आत दोन महिन्यांपासून एक चट्टा आहे, तिखट लागलं की झोंबतो. तिशीपुढच्या सगळ्यांची तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आरोग्य केंद्रात होते, हे दोघांनाही माहीत नव्हतं. बारावा झाल्यावर बघू, असं ती म्हणत होती. मुलाने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो तिला गाडीवर बसवून घेऊन गेला.